ताश्कंद बघायचंय? मग तिथल्या कॉलेजच्या पोरांबरोबर बघा

हल्ली उझबेकिस्तानच्या राजधानीला, ताश्कंदला, जाणारे आपले लोक बरेच वाढलेत, दिल्लीहून थेट विमानाने तीन तासांच्या आसपास पोचता येतं, व्हिसा घरबसल्या मिळतो, आणि खर्चही युरोपच्या मानाने खूप कमी. पण बहुतेक जण टूरच्या बसमधून एक-दीड दिवसात शहर उरकतात आणि समरकंदला पळतात, नंतर सांगतात की ताश्कंदात बघण्यासारखं काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. समरकंदसारखे डोळे दिपवणारे घुमट इथे कमी आहेत हे खरं, १९६६ च्या भूकंपात जुनं शहर बरंचसं गेलं, पण जे आहे ते बाजारात, मेट्रोत, पलोवच्या (तिथल्या मांस-गाजराच्या पुलावाच्या) ताटाभोवती आणि मोहल्ल्यातल्या अंगणात आहे, आणि तिथपर्यंत नेणारं कोणीतरी घरचं लागतं. तिथले विद्यार्थी हे काम इतक्या आनंदाने करतात की विचारू नका. फक्त त्यांच्याबरोबर फिरायची एक रीत आहे, ती पाळली तर दोघांनाही मजा येते. ती रीतच खाली क्रमाने लिहितोय.

पायरी १: निघायच्या आधी

ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा. एकदा प्रवेशाचा, ३० दिवसांपर्यंतचा व्हिसा २० डॉलरला मिळतो, एजंटला त्याच्या कितीतरी पट पैसे देऊ नका. ड्रोन नेऊ नका, तिथे आणायलाच बंदी आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉल वगैरे वेदनाशामक गोळ्या घरीच ठेवा, बाकी नेहमीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

कधी जायचं हे फक्त हवामानावर ठरवू नका, विद्यार्थ्यांच्या कॅलेंडरवरही ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि कॉलेजांना सुट्टी असते, म्हणजे अर्धी पोरं आपापल्या गावी फर्गाना, नमंगान, खोरेझमला गेलेली असतात. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात छान. मार्च २१ चा नवरूझ साधता आला तर फारच उत्तम, त्या दिवसांत गल्लीगल्लीत मोठ्या कढयांमध्ये अंकुरलेल्या गव्हाचं सुमलक रात्रभर ढवळत बसतात, खाली लागू नये म्हणून तळाशी छोटे दगड टाकतात, बायका गाणी म्हणतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटी मिळते.

फोनमध्ये तीन गोष्टी आधीच टाकून ठेवा: टेलिग्राम, टॅक्सीसाठी यांडेक्स गो, आणि उझबेक व रशियन ऑफलाइन चालणारं भाषांतराचं अ‍ॅप. टेलिग्राम सगळ्यात महत्त्वाचं, आपलं जसं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं तसं तिथे वर्गाचे ग्रुप, बातम्या, दुकानं सगळं टेलिग्रामवर. सिम कार्ड पासपोर्ट दाखवून मिळतं, पहिल्याच दिवशी घ्या.

पायरी २: विद्यार्थी भेटणार कुठे

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि भारतीयांसाठी याचं उत्तर सोपं आहे. ताश्कंदच्या प्राच्यविद्या विद्यापीठात हिंदी शिकवतात, नीट, डिग्रीसाठी. शहरात भारतीय दूतावासाचं लालबहादूर शास्त्री सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे हिंदी, योग, कथक, तबला यांच्या वर्गांना स्थानिक मुलंमुली येतात. केंद्रात कार्यक्रम कधी आहे ते बघा आणि सरळ जाऊन बसा. हिंदी बोलायला मिळणार म्हणून ही मुलं स्वतःहून येऊन बोलतात, आणि हिंदी इतकी स्वच्छ, पुस्तकी बोलतात की आपण आपली मुंबईची हिंदी जरा सांभाळून वापरावी.

इंग्रजी बोलणारे हवे असतील तर वेस्टमिन्स्टर इंटरनॅशनल किंवा इन्हा विद्यापीठाची मुलं आहेत, तिथे शिक्षणच इंग्रजीत आहे. शिवाय लायब्ररी, कॅफे वगैरे ठिकाणी स्पीकिंग क्लब भरतात, परदेशी माणूस आला तर त्यांना हवाच असतो. आणि आपल्याकडची मेडिकलची बरीच मुलं उझबेकिस्तानात शिकतात, त्यात मराठीही आहेत, ओळखीत कोणी असेल तर त्यांच्या वर्गमित्रांमार्फत ओळख काढा, हा रस्ता सगळ्यात विश्वासाचा.

रस्त्यात कोणीतरी "इंडिया? राज कपूर!" म्हणून थांबवणारच, मिथुनचं नाव घेणारे आजोबाही भेटतील. हसून बोला, फोटो काढा, पण दिवसभर फिरायचं असेल तर कॉलेजच्या किंवा क्लबच्या ओळखीतूनच जमवा, आणि दोघा-चौघांचा ग्रुप असेल असं बघा. एकट्या मुलीला एकटं फिरायला बोलावू नका, तिच्या घरच्यांना ते चालेलच असं नाही आणि तिला तोंडावर नाही म्हणायला जड जातं.

पायरी ३: फिरायच्या आधी ठरवून टाका

टेलिग्रामवर आदल्या दिवशी तीन गोष्टी विचारा. तुमचे लेक्चर किती वाजेपर्यंत आहेत? घरी किंवा हॉस्टेलला किती वाजता पोचायला हवं? आणि तुम्हाला स्वतःला कुठे जायला आवडतं? हा तिसरा प्रश्न मुख्य आहे. तुम्ही यादी देऊन "हे हे दाखवा" म्हणालात की ती बिचारी गाइड होतात, रात्री बसून माहिती पाठ करतात, आणि दिवस परीक्षेसारखा जातो. त्याऐवजी त्यांच्या रोजच्या वाटेवर तुम्ही जा. ते सोमसा (तिथला भट्टीतला समोसा) कुठे खातात, पुस्तकं कुठे घेतात, लेक्चर बंक करून कुठे बसतात. ऐतिहासिक इमारतींची माहिती कुठेही वाचता येते.

पैशाचंही आधीच बोला. त्यांच्याकडे पाहुण्याने पैसे काढणं म्हणजे घरच्यांना लाज वाटण्यासारखी गोष्ट, त्यामुळे ते खिशात नसतानाही भरायला धावतात. सकाळीच सांगून टाका की आज टॅक्सी आणि जेवण आमच्याकडे, चहा तुमच्याकडे. चहा त्यांच्याकडे ठेवायचाच, सगळं तुम्हीच भरलंत तर त्यांना बरं वाटत नाही.

पायरी ४: पहिला दिवस निळ्या लाइनवर काढा

ताश्कंदची मेट्रो १९७७ ची, मध्य आशियातली पहिली. भूकंपानंतर शहर नव्याने बांधलं त्याच काळातली, आणि प्रत्येक स्टेशन वेगळ्या कलाकारांनी सजवलेलं. २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता खुशाल काढा, फक्त पोलिसांचे आणि तपासणीच्या जागेचे काढू नका. तिकीट आपल्या हिशोबाने अगदी स्वस्त, कार्ड टॅप करूनही जाता येतं.

आता बघा, बेरुनी, चोरसू, अलीशेर नवोई, कोस्मोनावतलार आणि ताश्कंद रेल्वे स्टेशन ही सगळी एकाच निळ्या लाइनवर आहेत. बेरुनीला उतरलं की विद्यार्थ्यांची वसाहत, हॉस्टेलं, नॅशनल युनिव्हर्सिटी. सकाळी तिथे भेटा. हा बेरुनी म्हणजे आपल्याला शाळेत भेटलेला अल् बेरुनी, हजार वर्षांपूर्वी संस्कृत शिकून भारतावर ग्रंथ लिहिणारा, तो खोरेझमचा, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातल्या भागाचा. हे विद्यार्थ्यांना माहीत असतं, तुम्हालाही माहीत आहे म्हटल्यावर गप्पा तिथूनच सुरू होतात.

तिथून चोरसू, मग अलीशेर नवोईला उतरा, मशिदीच्या आतल्यासारखे छताला घुमट आहेत. याच स्टेशनातून लाइन बदलून पख्ताकोर स्टेशनला जाता येतं, तिथल्या भिंतींवर कापसाच्या बोंडांची मोझाइक आहेत. आपल्या विदर्भातल्या माणसाने इथे जरा थांबावं. हा देश कापसावर उभा राहिला आणि कापसानेच पिळलाही गेला, अरल समुद्र आटला तो कापसाच्या पाण्यापायी, आणि अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत दर शरद ऋतूत विद्यार्थी-शिक्षकांना वेचणीला शेतात पाठवलं जायचं. आता ते बंद झालंय, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी उझबेक कापसावरचा बहिष्कारही उठवला. तुमच्या सोबतच्या पोरांच्या मोठ्या बहीण-भावांनी वेचणी केलेली असू शकते. विचारायचं तर नीट, हळू विचारा, सांगायचं असेल तर ते सांगतील.

शेवटी कोस्मोनावतलार. निळ्याचा काळा होत जाणाऱ्या भिंती, त्यावर गागारिन, तेरेश्कोवा आणि पंधराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ राजा उलुगबेक. अंतराळवीरांच्या शेजारी त्याला बसवलंय, हे मला फार आवडतं.

पायरी ५: चोरसू बाजार, घाई न करता

निळ्या घुमटाचा हा बाजार तुम्ही फोटोत पाहिला असेल. घुमटाखाली मांस आणि दही-चीज, वरच्या गोलात सुका मेवा, बाहेर भाज्या, फळं, मसाले, पाळणे, चाकू, टोप्या. मांसाचा वास सहन होत नसेल तर आधीच सांगा, ते तुम्हाला बाजूने वर नेतील.

विद्यार्थ्यांबरोबर आल्याचा फायदा इथे कळतो. किंमत विचारणं, चाखून बघणं, नको म्हणून पुढे जाणं, हे सगळं ते करतात, तुम्ही फक्त बघा. कुरुत म्हणजे आंबट-खारट सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या, त्या एकदा खाऊन बघाच. कोरियन आजींच्या गाजराच्या सॅलडचे स्टॉल दिसतील, त्यामागे मोठी गोष्ट आहे: १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत पूर्व किनाऱ्यावरच्या कोरियन लोकांना उचलून गाड्यांमध्ये भरून मध्य आशियात आणून टाकलं, ते इथेच राहिले, आणि आज त्यांचं तिखट गाजर प्रत्येक उझबेक घरातल्या टेबलावर असतं.

नान वाल्यांच्या रांगेत नक्की जा. तंदूर गरम असताना भट्टीवाला आतल्या भिंतीला गोल नान चिकटवतो, मधे नक्षीचा ठसा मारलेला असतो. एक विकत घ्या आणि सगळ्यांनी हाताने तोडून खा. हे नान कधी उलटं ठेवायचं नाही, जमिनीवर तर नाहीच, तुकडा पडला तर उचलून वर कुठेतरी ठेवतात. आपल्याकडे अन्नाला पाय लागला की नमस्कार करतो, तेच मन आहे.

बाजारातून चालत दहा-पंधरा मिनिटांवर जुने मोहल्ले आणि पुढे मशिदी-मदरशांचं हस्त इमाम संकुल. मोहल्ल्यात मातीच्या भिंती, बंद दारं, पण दार उघडलं की आत अंगण, द्राक्षाचा वेल, पाण्याचा छोटा पाट. लोकांच्या घरात डोकावून फोटो काढू नका, सोबतची मुलगी किंवा मुलगा आजीला सलाम करून विचारेल, बहुतेक वेळा आजीच आत बोलावतात.

पायरी ६: पलोव दुपारीच

पलोवला तिथे ओश म्हणतात आणि तो दुपारचं जेवण आहे. टीव्ही टॉवरजवळच्या मोठ्या पलोव सेंटरमध्ये उघड्यावर प्रचंड कढया असतात, तांदूळ, पिवळं गाजर, मांस, हरभरे, बेदाणे, आणि दुपारी दोननंतर गेलात तर संपलेलाही असू शकतो. सोबत टोमॅटो-कांद्याचं अचिचुक सॅलड घ्या, नाहीतर तेल जड होतं. वर ठेवलेले गोल काप घोड्याच्या मांसाच्या काझीचे असतात, नको असेल तर आधीच सांगा.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नका पण भोळेपणाही नको. "गोश्तसिझ" म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करा, पण पलोवमधलं मांस बाजूला काढून दिलं तरी तो चरबीतच शिजलेला असतो, आणि लगमानचा (रश्शातल्या नूडल्सचा) रस्सा मटणाचाच. खरं शाकाहारी म्हणजे भोपळ्याचा सोमसा, वसंतात पालेभाजीचा हिरवा सोमसा, बटाट्याचं वाफवलेलं खानुम (आत चरबी घातली नाही ना ते विचारून), नान, दही, चक्क्यासारखं सुझमा, आणि फळं. उन्हाळ्याअखेरीची खरबुजं इतकी गोड असतात की मी जेवणाऐवजी तीच खायचो. हे सगळं हॉटेलवाल्याला तुम्ही समजावण्यापेक्षा सोबतच्या विद्यार्थ्यांना सकाळी नीट समजावून ठेवा, चरबी, रस्सा, अंडं सगळं, मग ते स्वतः भट्टीवाल्याशी भांडून खात्री करून घेतात.

चहा हा स्वतंत्र विषय आहे. यजमान पहिला चहा पियालीत ओतून परत किटलीत टाकतो, तीनदा, मग देतो. पियाली अर्धीच भरतात. कमी दिला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, अर्धी पियाली म्हणजे तुम्ही बसा, पुन्हा पुन्हा ओतू.

पायरी ७: १९६६ समजून घ्या

हे वर्ष आपल्या आणि त्यांच्या दोघांच्याही मनात आहे. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री, ११ ला पहाटे, शास्त्रीजी गेले. शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे, त्यांच्या नावाच्या शाळेत हिंदी शिकवतात. आपण गेलो की तिथे फुलं ठेवतो, ठेवावीतच.

पण तीनच महिन्यांनी, २६ एप्रिलला पहाटे, याच शहराखाली भूकंप झाला. तीव्रता फार मोठी नव्हती पण केंद्र अगदी शहराच्या मध्याखाली आणि खूप उथळ, त्यामुळे कच्च्या विटांची घरं बसली, सुमारे तीन लाख लोक बेघर झाले. मग सोव्हिएत संघातल्या सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकामवाले आले, आज दिसणारे रुंद रस्ते, झाडं, उझबेक नक्षी काढलेल्या पाच मजली इमारती सगळ्या त्यातून आल्या. जसोरत स्मारकावर दगडाच्या ठोकळ्यावर घड्याळ कोरलंय, त्यातून भेग जाते आणि समोर एक माणूस बाई-मुलाला आडोसा देऊन उभा आहे. लग्नाची जोडपी इथे फोटो काढायला येतात. विद्यार्थ्यांना विचारा की तुमच्या आजी-आजोबांची त्या दिवसाची आठवण काय, जवळजवळ प्रत्येक जुन्या ताश्कंदी घरात ती असते. लातूर-किल्लारी आठवणारा आपला माणूस इथे आपली गोष्टही सांगू शकतो.

जमलं तर संध्याकाळी नवोई थिएटरला ऑपेरा किंवा बॅलेचं तिकीट काढा, आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सच्या दरात बसतं. १९४७ ला पुरी झालेली ही इमारत बांधण्यात जपानी युद्धकैद्यांचे हात होते, आणि ६६ च्या भूकंपात ती उभी राहिली.

पायरी ८: तैमूर आणि बाबर यांच्यावर बोलताना

शहराच्या मध्यात अमीर तैमूरचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्या जागी आधी कार्ल मार्क्स होता, १९९३ मध्ये तैमूर आला. आपल्यासाठी तैमूर म्हणजे १३९८ ची दिल्लीची कत्तल, त्यांच्यासाठी राष्ट्र उभारणारा पुरुष. बाबर तर अंदिजानचा, त्याच्या गझला ते शाळेत पाठ करतात. पुतळ्याखाली वाद घालू नका पण गोष्ट लपवायचीही गरज नाही. आधी त्यांना विचारा की तुम्हाला काय शिकवलं, पूर्ण ऐका, मग आपल्याला काय शिकवलं ते शांतपणे सांगा. मग शिवाजी महाराजांबद्दल सांगा, कागदावर सह्याद्री आणि किल्ले काढून दाखवा, त्यांना फार उत्सुकता असते, कारण मोगलांचा पुढचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यांच्या पुस्तकात कमी असतो. माझ्या अनुभवात या गप्पा सगळ्यात लांब चालतात.

सध्याच्या राजकारणावर मात्र कॅफेत मोठ्याने प्रश्न विचारू नका. तुम्ही परत जाल, त्यांना तिथेच राहायचंय.

पायरी ९: घरी बोलावलं तर

बोलावतीलच. पहिल्यांदा म्हणाले तर आभार माना, दोन-तीनदा म्हणाले आणि वेळ सांगितली तर खरं आमंत्रण आहे. रिकाम्या हाताने जाऊ नका: नान, फळं, मिठाई, किंवा इथून नेलेला चहा, काजू, चिक्की. फुलं नेली तर विषम संख्येत, सम संख्या अंत्ययात्रेला. बूट बाहेर. पुरुषांनी घरातल्या बायकांपुढे हात पुढे करू नये, उजवा हात छातीवर ठेवून थोडं वाकायचं. मोठ्या पुरुषाला नावानंतर अका, मोठ्या बाईला ओपा.

दारापासून लांबची जागा मानाची, तिथे तुम्हाला बसवतील, एकदा नको म्हणून मग बसा. हात धुवायला पाणी घालतील, ओले हात झटकू नका, टॉवेल देतात. जेवण झालं की घरातले वडील दुआ म्हणतात आणि सगळे दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवतात, तुम्ही शांत बसलात तरी चालतं, पण तेव्हा उठू नका. दस्तरखानावर (जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर) सुका मेवा, सॅलडं, नान हे सगळं मांडलेलं असतं, त्यानेच पोट भरू नका, मुख्य जेवण नंतर येतं.

रात्री मुक्काम करा म्हणाले तर एक गोष्ट: परदेशी पाहुण्याची राहण्याची नोंदणी तीन दिवसांच्या आत व्हावी लागते, हॉटेल ती आपोआप करतं, घरी राहिलात तर यजमानाला ऑनलाइन करावी लागते. त्यांना त्रास नको असेल तर जेवून हॉटेलवर परत या.

पायरी १०: निघताना आणि निघाल्यावर

रोख पैसे हातात देऊ नका, ते दुखावतात. त्याऐवजी हिंदीची पुस्तकं, देवनागरी लिहायच्या वह्या, चांगला शब्दकोश, हे हिंदीच्या विद्यार्थ्यांना तिथे सहज मिळत नाही आणि त्यांना मनापासून हवं असतं. मुलींचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

परत आल्यावर टेलिग्रामवर संपर्क ठेवा. भारत सरकारच्या आयसीसीआर शिष्यवृत्त्या आणि आयटेकचे छोटे कोर्स उझबेक विद्यार्थ्यांसाठी खुले असतात, पुण्यात तर परदेशी विद्यार्थी कितीतरी आहेत. पुण्यातलं कॉलेज कसं आहे, भाड्याने खोली कशी मिळते, फॉर्ममधल्या अमुक शब्दाचा अर्थ काय, हे प्रश्न तुम्हाला येतील. त्यांची उत्तरं वेळेवर द्या.

आणि समरकंदला जायचं असेल तर अफ्रोसियोब या वेगवान ट्रेनचं तिकीट खूप आधी काढा, दोन तासांच्या थोडं वर लागतात पण जागा भराभर जातात. ताश्कंदच्या मित्रांना सोबत यायचं असेल तर शनिवार-रविवारचं काढा आणि त्यांचं तिकीट तुम्ही काढा, समरकंदला त्यांच्यापैकी कोणाची तरी मावशी नक्की असते.